चहापुरतं दूध

त्या काळात माणसांच्या अंगावर व्रण राहत नसत. भाजलं, कापलं, गुडघा फुटला, तरी कातडी पुन्हा कोरी येई, आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवर जुन्या टाक्यांची खूण दिसली की मुलं कौतुकानं बोट लावून बघत. म्हणून सात वर्षांच्या जुईनं तापलेल्या इस्त्रीवर उजवा तळवा टेकला तेव्हा घरात रडारड झाली खरी, पण धीर कुणी सोडला नाही. साखरजाळी बसवायची, की हात पहिल्यासारखा.

जाळी कुणाची घ्यायची हा प्रश्न निघाला, तिथं मात्र तिच्या आजोबांनी, हेमंतराव आठल्यांनी, नाक वर केलं.

"साखर म्हणजे चहातली नव्हे," रत्नागिरीच्या इस्पितळात डॉक्टर नसीमा काझी सगळ्यांना समजावत होत्या. "आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात. बाळ पोटात असताना कुठं थांबायचं, कुठं बोट व्हायचं, हे पेशींना ह्या साखळ्यांवरून कळतं. मोठेपणी जखम झाली की शरीर घाईघाईनं ठिगळ लावून मोकळं होतं. आम्ही रक्ताच्या नातेवाइकाच्या कातडीतल्या साखळ्या वाढवतो आणि त्यांची जाळी जखमेवर अंथरतो. मग पेशींना पोटातलं वळण आठवतं."

"मग घ्या की माझी," हेमंतराव म्हणाले.

"अडचण आहे, काका. जनावरांच्या अंगात एक साखर असते, ती माणसाला बनवता येत नाही. खाण्यातून आली की ती आपल्या साखळ्यांत जाऊन बसते, आणि दुसऱ्याच्या जखमेत गेली की त्याचं शरीर तिच्यावर तुटून पडतं. मटणात ती भरपूर. दुधातही असते. माशांत जवळजवळ नाही."

जुईच्या आईबापांनी एकमेकांकडे बघत मटणाची कबुली दिली आणि ते बाद झाले. आपला मुलगा मटण खातो हे हेमंतरावांना त्याच दिवशी कळलं. उरले दोघं. एक ते स्वतः, आणि दुसऱ्या जुईच्या आईची आई, हर्णैच्या कल्पना तांडेल. जन्मभर मासळी खाल्लेल्या, आणि दूध सोसत नाही म्हणून चहासुद्धा कोराच घेणाऱ्या.

"दोघांची तपासणी करायची तर आठवडा जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "तळवा आखडायच्या आत जाळी बसलेली बरी. म्हणून विचारते, काका, दूधदुभतं किती?"

हेमंतरावांच्या गोठ्यात गीर गाय होती. सकाळी तांब्याभर धारोष्ण दूध, भातावर तुपाची धार, निजताना पुन्हा दूध, हे ते येईल-जाईल त्याला छाती फुगवून सांगत. पण समोरच्या बाकावर विहीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या अंगातलं काही आपल्या नातीच्या हातात जाणार, हे हेमंतरावांना पटेना.

"चहापुरतं," ते म्हणाले. "आणि मासळी खाणाऱ्यांचं काही नको. आमच्या घरातली मुलगी आहे."

"नक्की ना, काका?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

कल्पनाबाईंनी पदर सारखा केला. बोलल्या नाहीत. गोठ्यातली गाय मुलालाही ठाऊक होती; पण मटणानंतर त्याला तोंड उरलं नव्हतं.

जाळी बसली. पहिले काही दिवस बरे गेले. मग तळवा टरारून सुजला, ताप चढला, पोर कण्हायला लागली आणि जाळी काढून टाकावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून बसलं.

डॉक्टरांनी हेमंतरावांना बाजूला घेतलं. "काका, तुमच्या साखळ्या परक्या साखरेनं गच्च भरल्यात. चोरून मटण खाता का?"

"उभ्या जन्मात शिवलो नाही."

"मग?"

हो म्हणून मोकळं व्हावं, असंसुद्धा एकदा त्यांच्या मनात आलं. चोरून खाणं माफ होतं लोकांत. "दूध," ते अखेर पुटपुटले. "सांगितलं त्याच्या कितीतरी पट."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकी लाज वाटली हेमंतरावांना.

"दुसरी जाळी बसवता येईल," कागद मिटून त्या म्हणाल्या. "बोटं किती सुटतील ते सांगता येत नाही. विहीणबाईंना मात्र तुम्हीच विचारा."

कल्पनाबाई नळावर जुईचा डबा घासत होत्या. हेमंतरावांनी माफीची वाक्यं मनात जुळवून आणली होती. "विहीणबाई, तुमची जाळी..." एवढंच तोंडातून फुटलं.

"कातडी कुठली काढतात?" त्यांनी हात पुसत विचारलं. "दंडाची की मांडीची?"

ती जाळी रुजली. तळवा मऊ झाला, एक बोट सुटलं. करंगळी वाकडी ती वाकडीच राहिली.

"आजोबा," एका दुपारी जुईनं विचारलं, "आधीच आजीची का नाही लावली?"

खोलीत सगळे होते. कल्पनाबाई मोसंबं सोलत होत्या.

"डॉक्टरांची चूक झाली, बाळ," हेमंतराव म्हणाले.

कल्पनाबाईंचा हात थांबला. आता ही सांगणार, हेमंतरावांना वाटलं, आणि सांगून टाकलं तर बरं, असंही वाटलं.

"होय गो बाय," त्या म्हणाल्या, "होते चूक कधीकधी." आणि फोड जुईच्या तोंडात घातली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नसीमा पट्टी बदलायला आल्या तेव्हा जुईनं हात पाठीमागे लपवला.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही चुकता."

डॉक्टरांनी हेमंतरावांकडे पाहिलं. हेमंतराव खिडकीबाहेर बघत राहिले.