चाळीस अंडी, एकाच वयाची

त्या सकाळी मी भांडायलाच गेले होते. आमच्या प्रयोगशाळेला कोंबडीची अंडी पुरवणाऱ्या उबवणी केंद्रावर — हातात ट्रे, डोक्यात राग.

"एकाच वेळी उबवायला ठेवते, तरी तुमची निम्मी अंडी पुढे गेलेली असतात!"

"कुठे, मॅडम?" तिथल्या तरुण सुपरवायझरने भोळेपणाने विचारलं.

"वयाने! मला सगळे गर्भ एका वयाचे लागतात."

"अंड्यांचं वय विचारणारी पहिलीच भेटली..." तो हसला. पण हसता हसता त्याने दोष शोधलाच. गोळा केलेली अंडी तासन्‌तास बॉयलरशेजारी पडून असायची. पुढच्या मंगळवारपासून तो स्वतः अंडी वेचू लागला, लगेच थंड खोलीत ठेवू लागला. आणून द्यायलाही स्वतःच येऊ लागला.

ट्रे ठेवून तो लगेच जात नसे. एकदा मी त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"ही हिरवी रेघ कसली?"

"पेशींखालचं अस्तर. कोलॅजेनच्या जाळीचं. त्यावर पाय रोवून पेशी उभ्या असतात."

"मध्येच तुटलंय की!"

"तिथूनच पेशी आत उतरतात. त्यांचेच पुढे स्नायू, हाडं, हृदय..."

"म्हणजे हृदय हवं तर आधी अस्तर विरायला हवं?" त्याने नजर न हलवता विचारलं.

"हो," मी म्हटलं. आवाज उगाचच बारीक झाला.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना मात्र ती फट पटत नव्हती. "तुझ्याच सुरीने फाटलं असेल," म्हणायच्या. प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली. सहा आठवडे तो अंडी आणत राहिला, मी कापत राहिले. चाळीस गर्भ झाले, आणि चाळिसांतही फट अगदी त्याच जागी!

मॅडम खूश झाल्या. "इतकी एकसारखी अंडी दिली कोणी?"

"कोणी नाही हो... आपले अंडीवाले," मी घाईत बोलून गेले.

मागे दारात तो उभा होता. ट्रे ठेवला, आणि गेला.

पुढच्या मंगळवारी ड्रायव्हर आला. त्याच्या पुढच्याही. अंडी तशीच, एका वयाची. मी मात्र पाऊल वाजलं की दाराकडे बघायची. तिसऱ्या मंगळवारी सुरी खाली ठेवली, मॅडमना सगळं सांगितलं आणि उबवणी केंद्राकडे निघाले.

नेमकी त्या दिवशी पिल्लं बाहेर आली होती. हजारोंची चिवचिव, शेजारच्याचं बोलणं कळेना. तो आपल्या आत्याबरोबर पिल्लं निवडत होता — नर एका खोक्यात, माद्या दुसऱ्यात.

"मी चुकले!" मी ओरडले.

"काय?"

"निम्मं काम तुमचं आहे! मॅडमना सांगून आलेय!"

"ऐकू येत नाही!"

"मला तुम्ही आवडता!" घसाच फाटला माझा.

आत्याने मानही वर केली नाही. "अरे, आवडतोस म्हणतेय ती. बहिरा आहेस का?"

"सगळं ऐकलं गं, आत्या." त्याचे कान लालबुंद झाले होते. "अजून काय काय म्हणते ते बघत होतो."

"हात धू आणि जा बाहेर!"

बाहेर एकदम शांत होतं. तो ओले हात शर्टाला पुसत समोर उभा राहिला.

"आता हळू सांग," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'मॅडम' नाही, 'तुम्ही' नाही...

मी हळू सांगितलं.