घोंगड्यावरचे ठसे

द्वारकाबाई जिना चढून आल्या तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि नागेशरावांचा दुसरा चहा अजून यायचा होता. बारामतीच्या एसटी स्टँडमागं, पहिल्या मजल्यावर, माधवीचं खासगी तपासाचं ऑफिस. नागेशराव पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता ते तिची गाडी चालवायचे, जबाब लिहून घ्यायचे आणि मनातल्या मनात दर वेळी चुकीच्या माणसाला बेड्या घालायचे.

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं.

इंदापूरच्या वाटेवर माळावर जे विद्यापीठ उभं राहिलंय, ते दर वर्षी माळावरच्या एकाच मुलाला किंवा मुलीला शिष्यवृत्ती देतं. अट दुहेरी. मैदानात पळायचं आणि आपल्या लोकांवर अभ्यासही करायचा. राहणं, जेवण, चार वर्षांचं शिक्षण त्यात भागतं. यंदा ती त्यांच्या नातीला, नकोशीला मिळाली होती. मेंढपाळ बायकांच्या ओव्या हा तिचा अभ्यास. त्यातल्या सगळ्यांत जुन्या ओव्या सारजाबाईंच्या, म्हणजे द्वारकाबाईंच्या थोरल्या बहिणीच्या. सारजाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा आवाज उरला तो विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या एका रेकॉर्डरमध्ये.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो रेकॉर्डर कपाटातून नाहीसा झाला आणि संध्याकाळी नकोशीच्या पिशवीत सापडला. कपाटासमोरच्या घोंगड्यावर तिच्या धावायच्या खिळेवाल्या बुटांचे ठसे होते. आज चार वाजता चौकशी होती. शिष्यवृत्ती रद्द होणार, खोली काढून घेणार, वर पोलिसात तक्रार.

"पोरीचं नाव म्याच ठेवलं, ताई," बाई म्हणाल्या. "तिसरी बी पोरगीच झाली म्हून. जन्मात पयल्यांदा तिला कुणी हवी म्हणलं, ते त्या विद्यापीठानं. आता तितनं बी चोर म्हून हाकलली, तर ती कुठं जाईल?"

माधवीनं घड्याळ पाहिलं आणि गाडीची किल्ली नागेशरावांच्या हातात दिली.

नकोशी मैदानाच्या कडेला अनवाणी उभी होती. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते, पण उत्तरं सरळ देत होती. रेकॉर्डर तिनं दोनदा मागितला होता, आजीला बहिणीचा आवाज ऐकवायला. दोन्ही वेळा संग्रहालयवाले नाही म्हणाले. ते ऐकून नागेशरावांचं पेन थांबलं, कारण चोरीला याहून सरळ कारण सापडलं नसतं.

अनवाणी का, असं माधवीनं विचारलं.

"डावा बूट फाटलाय. दिपालीनं परवा इंदापुरात शिवायला दिला. माझ्या खोलीतली मैत्रीण हाय ती. उजवा खोलीबाहेर व्हरांड्यात खिळ्याला टांगला व्हता, पिशवीशेजारी."

नागेशरावांनी वहीत लिहिलं, 'बूट फाटका.'

संग्रहालयाची शहाबादी फरशी लख्ख होती. कपाटासमोर काळं घोंगडं अंथरलेलं, त्यावर पाच ठसे, प्रत्येकात खिळ्यांची भोकं आणि मैदानाची तांबडी माती. माधवी दारातच गुडघ्यावर बसली आणि फरशी बराच वेळ न्याहाळत राहिली. मग घोंगड्याच्या दशांमध्ये अडकलेली चिमूटभर पिवळी पूड तिनं बोटावर घेतली. कुणाच्या तरी पूजेची हळद असेल, असं नागेशराव म्हणाले.

संशोधन साहाय्यक रेश्मा सँडलसकट घोंगडं ओलांडून कपाटापाशी गेली आणि कुलूप शाबूत असल्याचं तिनं दाखवलं. किल्ली पहारेकऱ्याच्या खोलीत असते, जाणारा-येणारा कुणीही घेऊ शकतो, असं तिचं म्हणणं. त्याच ओव्यांवर तीही पुस्तक लिहीत होती. घोंगडं सोमवारी तिनंच बाहेर नेऊन स्वच्छ झाडलं होतं, आणि आज गुरुवार.

क्रीडाप्रमुख विजयसिंह बूट घालून घोंगड्याच्या मधोमध उभे राहिले आणि तिथूनच कुरकुरले. पळणाऱ्यानं पळावं, ओव्या-बिव्या कशाला, हे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. नकोशी बाद झाली तर पुढं कोण, असं माधवीनं विचारलं.

"दिपाली. निवडीच्या शर्यतीत अर्ध्या सेकंदानं मागं राहिली."

नागेशरावांनी विजयसिंहांच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी कुंडलिक आला. वसतिगृह आणि संग्रहालय दोन्हींचा पहारेकरी, साठीचा, डोक्याला पटका. वहाणा दाराबाहेर काढूनच तो आत आला. कमरेच्या बटव्यातून देवाचा पिवळा भंडारा काढून त्यानं माधवीच्या आणि नागेशरावांच्या कपाळाला लावला. नागेशरावांना बरं वाटलं. अख्ख्या दिवसात माणसासारखं वागलेला हा एकटाच होता.

"पोर गुणाची हाय," कुंडलिक म्हणाला. "पर मोह पडला असंल. माझी नात दिपाली बी हितंच शिकती, फी भरून. तिची जिवाभावाची मैत्रीण." जेवणाच्या सुट्टीत तो फाटकावर होता म्हणाला, पण तिथं त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

चार वाजता कुलसचिवांच्या खोलीत सगळे जमले. द्वारकाबाई नातीचा हात घट्ट धरून होत्या. कुलसचिवांनी रद्द करण्याचं पत्र तयारच ठेवलं होतं, फक्त सही राहिली होती. माधवीनं ठशांचे फोटो त्या पत्रावर ठेवले.

"पाच ठसे आहेत. प्रत्येकात अंगठ्याची बाजू डावीकडं आहे. म्हणजे पाचही उजव्या बुटाचे. ही मुलगी चोरी करायला लंगडी घालत आली होती का?"

माधवीनं पुढं सांगितलं, डावा बूट परवापासून इंदापुरात आहे. शिवाय दारापासून घोंगड्यापर्यंतच्या फरशीवर मातीचा कणही नाही. बूट कुणाच्या पायात नव्हताच. कुणीतरी तो हातात धरून आणला आणि घोंगड्यावर दाबला.

नागेशराव तिच्या कानाशी लागून विजयसिंहांचं नाव पुटपुटले.

"नाही, नागेशराव. सर आणि रेश्माताई पायताणासकट घोंगड्यावर चढतात. त्यांच्या लेखी ते जाजम आहे. ज्यानं बूट दाबला, त्याच्या लेखी ते देवाचं आसन. हातून पाप घडलं म्हणून त्यानं तिथल्या तिथं चिमूटभर भंडारा वाहिला आणि माफी मागितली. सोमवारी घोंगडं झाडलंय, म्हणजे भंडारा त्यानंतरचा. दिपालीनंही हे केलेलं नाही. डावा बूट तिनंच नेऊन दिला होता. एका बुटाच्या ठशांनी भागणार नाही, हे तिला कळलं असतं. उरतो तो एकच. संग्रहालयाची किल्ली ज्याच्या खोलीत, वसतिगृहाच्या व्हरांड्यात ज्याला कुणी अडवत नाही आणि भंडारा ज्याच्या कमरेला."

नागेशरावांचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडं गेला.

कुंडलिक मटकन खाली बसला. त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला.

"अर्धा सेकंद, सायेब," तो म्हणाला. "आख्ख्या माळाला मिळून तुमी एकच जागा देता. आमी पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं चाललो, आन् पोरीचं नशीब अर्ध्या सेकंदानं गेलं. त्या दिसापासून माज्या डोळ्याला डोळा न्हाय. दिपालीला ठावं न्हाय यातलं काय बी. द्वारके, तुज्या पाया पडतो."

कुलसचिवांनी पत्र फाडलं.

तेवढ्यात दार उघडलं. दिपाली धापा टाकत आत आली. इंदापूरच्या एसटीतून उतरून ती पळतच आली होती, आणि तिच्या हातात नवा टाका घातलेला डावा बूट होता.

"नकोशे, हा घे," ती म्हणाली. "हितं कायबी होऊ दे, उद्याच्या सरावाला तू पायजेस." मग तिचं लक्ष खाली गेलं. "आबा, तुमी का रडताय?"

कुंडलिकनं मान वर केली नाही.

नकोशीनं आजीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तिनं बूट घेतला आणि म्हाताऱ्याकडं क्षणभर पाहिलं.

"माझं वाईट वाटलं त्यांना," ती दिपालीला म्हणाली. "चल, आपण बाहेर थांबू."