पानाबाहेरची चौकट

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. ही गोष्ट भर दुपारची आहे. खिडकीतून ऊन आत येत होतं, खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, आणि तरीही...

या वयात खोटं सांगून मला काय मिळणार? हे माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलं. ती खोटं बोलायची नाही. चिडायची मात्र भरपूर.

तिला सगळे ताईच म्हणायचे. ताईची उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा बोर्ड, हातात दोऱ्या. ज्याला जो नंबर हवा, त्या भोकात दोरीचं टोक खोचून द्यायचं, की लाइन जोडली. पुढे फोन आपोआप लागायला लागले. बोर्ड गेले, बायका घरी बसल्या. ताई बसली नाही. पन्नाशीला आलेली असताना कॉम्प्युटर शिकली आणि एका दुकानावरच्या खोलीत डीटीपीचं काम घेऊ लागली. मजकुराची पानं लावायची, फोटो बसवायचे, प्रिंट काढून प्रेसवर पाठवायचे.

त्या दिवशीचं काम मात्र साध्या गिऱ्हाइकाचं नव्हतं.

एक्स्चेंजची जुनी इमारत पाडणार होते. त्याआधी सगळ्या जुन्या ऑपरेटर तिथल्या हॉलमध्ये शेवटच्या जमणार होत्या, अगदी दुसऱ्याच दिवशी सकाळी. त्यांच्या आठवणींचं एक लहानसं पुस्तक तिथे वाटायचं होतं. "आपलं पुस्तक परक्याकडे कशाला द्यायचं? मी करते की," असं ताईच सगळ्यांसमोर बोलून बसली होती. आता लांबलांबून बायका निघाल्या होत्या. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाचं हृदय. पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. पुस्तक उद्या हातात पडलं नाही, तर कधीच पडणार नव्हतं.

सगळी पानं प्रेसवर गेली होती. एकच पान राहिलं होतं.

सर्वांत जुन्या बॅचचं. ताई नोकरीला लागायच्या आधीच्या बायकांचं. ओळीनं फोटोंच्या चौकटी, खाली नावं. ज्यांचा फोटो मिळाला त्यांना चौकट, ज्यांचा मिळाला नाही त्यांना गाळायचं, असं कमिटीनं ठरवलेलं. पान कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे ना!

ते पान उघडलं की कॉम्प्युटर अडकायचा.

पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि तिथेच थांबायचं. माउस हलेना, की-बोर्ड दाद देईना. ताई थोडा वेळ वाट बघायची, मग चडफडत प्रोग्रॅम बंद करायची. पुन्हा सुरू. पुन्हा तेच पान. पुन्हा घड्याळ.

"अर्धी हयात मी लोकांना 'थांबा' म्हणण्यात घालवली," ती पडद्याला म्हणाली, "आता तू मला थांब म्हणतोस होय रे?"

तिनं फॉन्ट बदलून पाहिला. फोटो लहान केले. डिस्कवरचा कचरा पुसला. शेवटी सॉफ्टवेअर काढून टाकून नव्यानं घातलं. सकाळ त्यात गेली.

कशाचा उपयोग झाला नाही.

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो यायचा तो हातात स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडात विनोद घेऊनच. त्यानं डबा उघडला, आतली मेमरीची पट्टी काढून पुसून पुन्हा बसवली, व्हायरस शोधला.

"मशीन ठणठणीत आहे ताई. आता तुम्हीच जरा आडव्या व्हा."

"मी आडवी झाले तर पुस्तक उभं कोण करणार? तुझा काका?"

"मग एक करा. पान अर्धं अर्धं तोडा. वरचे फोटो एका नव्या फाइलमध्ये, खालचे दुसऱ्या. जी अडकेल, तिच्यात दोष."

ही युक्ती ताईला ठाऊक होती, पण वैतागात सुचली नव्हती. तिनं तसं केलं. वरची फाइल उघडली.

अडकली.

"चला, चोर वरच्या मजल्यावर," दुरुस्तीवाला म्हणाला.

खालची उघडली.

तीही अडकली.

मग ताईनं काहीच न टाकता एक कोरी फाइल केली. ना फोटो, ना अक्षर. फक्त पांढरं पान. बंद करून उघडली.

घड्याळ आलं... आणि थांबलं.

दुरुस्तीवाल्याचं हसू थोडं आटलं. तो पडद्याजवळ वाकला. "ताई, हे कोपऱ्यात काय ठेवलंय?"

डीटीपीवाल्यांना माहीत असतं. पडद्यावर पानाच्या भोवती मोकळी जागा असते. लागेल न लागेल तो तुकडा आपण तिथे बाजूला काढून ठेवतो. पान छापलं जातं, बाजूचं छापलं जात नाही. त्या कोऱ्या पानाच्या बाहेर, अगदी कडेला, एक चौकट होती. फोटोची असते तेवढीच.

रिकामी.

"मी नाही ठेवली," ताई म्हणाली.

तिनं वरची फाइल पुन्हा उघडून पाहिली. त्याच कोपऱ्यात चौकट होती. खालच्या फाइलमध्येही होती. अडकायच्या आधी क्षणभर माउस चालायचा, तेवढ्यात ताईनं तिला पकडून पुसून टाकलं. खटकन प्रोग्रॅमच मिटला. पुन्हा सुरू केला...

चौकट परत जागेवर.

आणि आता आवाजही येत होता. कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरमधून बारीक, सलग गुणगुण.

"अर्थिंगचा घोळ," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्यानं स्पीकरची वायर ओढून काढली. वायर त्याच्या हातात लोंबत होती.

गुणगुण चालूच होती...

तो दुसरीकडे जायचंय म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर तिथेच विसरून जिना उतरून गेला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुपरवायझरबाई होत्या. एक्स्चेंजमध्ये ताईच्या वरिष्ठ. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण आवाजातली छडी तशीच.

"काय गं, पुस्तक आहे की बाळंतपण? प्रेसवाला म्हणतोय, संध्याकाळपर्यंत पान आलं नाही तर तो मशीन दुसऱ्या कामाला लावणार."

"बाई, मशीन अडकतंय."

"तुला झेपत नव्हतं तर अंगावर का घेतलंस?"

फोन ठेवला तेव्हा ताईचे डोळे भरून आले होते. दुःखानं नव्हे, संतापानं. तिनं टेबलावर मूठ आपटली. पुन्हा पान उघडलं. पुन्हा घड्याळ. तिचा हात प्रोग्रॅम बंद करायच्या बटणांकडे गेला...

आणि तिथेच राहिला.

ती गुणगुण तिच्या ओळखीची होती. लाइन जोडलेली आहे, पलीकडे माणूस आहे, पण बोलत नाही, तेव्हा हेडफोनमध्ये अगदी असाच आवाज यायचा. अशा वेळी लाइन तोडायची नाही, हा ऑपरेटरचा पहिला धडा. तोडली की बोलणी खावी लागायची. थांबायचं. मधूनमधून बोलायचं, म्हणजे पलीकडच्याला कळतं की कुणीतरी आहे.

आणि ती सकाळपासून तोडतच होती.

ताईनं बटणांवरचा हात काढला. खुर्चीत ताठ बसली. इतक्या वर्षांनी तो जुना, मऊ, कामावरचा आवाज तिच्या गळ्यातून आपसूक निघाला.

"बोला. मी ऐकतेय. लाइन चालू आहे."

गुणगुण थांबली.

खोलीत अशी शांतता झाली की खालचा रस्तासुद्धा ऐकू येईना...

मग टक् असा आवाज आला. दोरीचं टोक भोकात नीट बसलं की यायचा, तसा. घड्याळ गेलं. पान मोकळं झालं. बाहेरची ती रिकामी चौकट आता पानाच्या आत होती, शेवटच्या ओळीच्या टोकाला. बाकीचे फोटो जणू थोडे सरकून तिला जागा देऊन बसले होते.

ताईनं तिला हात लावला नाही. प्रिंट काढला. तो एका झटक्यात निघाला. प्रेस बंद व्हायच्या आत ती स्वतः तो देऊन आली.

सकाळी हॉलमध्ये पुस्तकं वाटली गेली. बोर्ड केव्हाच काढून नेलेले, भिंतीवर त्यांच्या चौकोनी खुणा तेवढ्या राहिलेल्या. बायका हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींचे चष्मे मागून घेत होत्या. बोर्डावर ताईच्या शेजारी बसायची अशी एक मैत्रीण पुस्तक चाळता चाळता म्हणाली, "ही चौकट कोरीच राहिली की गं."

ताई काही बोलणार, तोच सुपरवायझरबाई काठी टेकत आल्या. त्यांनी तेच पान उघडलं होतं. बोट त्याच चौकटीवर होतं.

"हिच्याखाली नाव का नाही घातलंस?"

"कुणाच्या खाली, बाई?"

"आंधळी आहेस का? हिच्या." बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आणि हा फोटो तुला मिळाला कुठे? आम्ही हिच्या घरीदारी शोधला होता. एकही फोटो नव्हता हिचा. केस बघ, हेडफोन बसावा म्हणून अश्शीच वर बांधायची."

ताईनं वाकून पाहिलं.

पांढरी कोरी चौकट.

"कोण ही?" तिनं विचारलं.

बाई खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "तू यायच्या आधी तुझ्या खुर्चीवर ही होती. ड्यूटीवरच गेली. हेडफोन डोक्याला, समोर दोरी जोडलेली, मान ताठ. आम्ही दोन्ही बाजूंना बसलेल्या. शिफ्ट संपेपर्यंत एकीनंही वळून पाहिलं नाही. ऑपरेटर गप्प बसलीय म्हणजे ऐकतेय, असंच वाटायचं ना आपल्याला."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर त्या खुर्चीवर बसली असतीस?"

त्या बॅचच्या बाकीच्या बायकाही एव्हाना जमल्या होत्या. एकेक जण पुस्तक डोळ्यांजवळ नेत होती. कुणी म्हणालं, डोळे अगदी हुबेहूब. कुणी तोंडाला पदर लावला. ताई आणि तिची मैत्रीण त्या पांढऱ्या कागदाकडे बघत नुसत्या उभ्या होत्या.

परत आपल्या खोलीवर येऊन ताईनं कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. लगेच उघडलं. ओळी सरळ, फोटो जिथल्या तिथे. आत चौकट नव्हती. बाहेरही नव्हती.

पुढे ताईनं बरीच वर्षं डीटीपी केलं. पण कॉम्प्युटर अडकला तर कधी बंद केला नाही. समोर बसून राहायची. दुरुस्तीवाला पुन्हा त्या जिन्यानं वर आला नाही.

शेवटच्या आजारात तिनं मला एक गोष्ट सांगितली. त्या दुपारी ती "बोला" म्हणाली ना, तेव्हा उत्तर आलं होतं. वायर काढलेल्या त्या स्पीकरमधून. अगदी स्वच्छ.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, 'किती वेळ झाला हाक मारतेय.'" ताईनं कूस बदलली. "चिडून नाही गं. दमून."

ते पुस्तक आता माझ्याकडे आहे. मला त्यात कोरी चौकटच दिसते. माझ्या लेकीला, सुनेलाही तेच. ज्यांना काही दिसायचं, त्या सगळ्या एकेक करून गेल्या. सुपरवायझरबाई मागच्या वर्षी गेल्या, त्याच शेवटच्या.

म्हणजे आता तिला पाहणारं कुणीच उरलं नाही.

परवा दुपारी मी फोनवर मुलाशी बोलत होते. मध्येच तो गप्प झाला. मी हॅलो हॅलो करत राहिले. मागे बारीक गुणगुण येत होती...

रेंज गेली असेल. मुलगाही नंतर तेच म्हणाला.

मी मात्र फोन कापला नाही. आणि तोंडाशी आलेलं "बोला" गिळून टाकलं.