कोमट पाण्यातली हुडहुडी

मोहिमेचं काम एका ओळीत सांगण्यासारखं होतं: समुद्रात कुठेतरी तग धरून राहिलेलं प्रवाळ शोधायचं आणि त्याचे बोटभर तुकडे जिवंत घेऊन यायचे. बोलायला सोपं! मागच्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला होता, की किनाऱ्यालगतचं सगळं प्रवाळ पांढरं पडून मेलं. भाचीच्या रोपवाटिकेत अकरा वर्षं वाढवलेली प्रवाळाची रोपंही गेली. आता तिथल्या टाक्यांतून नुसतं पाणी फिरत होतं. या हंगामात नवे तुकडे मिळाले नाहीत, तर रोपवाटिकेला टाळं लागणार होतं.

अशा वेळी मामांनी तोंड उघडलं. मामा म्हणजे भाचीच्या आईचे थोरले भाऊ. बंदरात जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडण्यात उभा जन्म गेलेला पाणबुड्या. वय चौसष्ट, पोट थोडं पुढे आणि अभिमान पोटाच्याही दोन पावलं पुढे! सव्वीस वर्षांपूर्वी बाहेरच्या बेटापाशी बुडी मारताना आपण प्रवाळाचं अख्खं रान पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. नेमकी जागा आठवत नव्हती, पण बेट आठवत होतं. तेवढ्या भरवशावर भाचीने चार दिवसांसाठी बोट ठरवली.

निघायच्या सकाळी ती सूटांच्या खोलीत उभी होती. दांडीला ओळीने वेटसूट टांगलेले, खाली ओल्या फरशीवर शिशाच्या वजनांचा ढीग, खोलीभर रबराचा वास. मामा आले ते अर्ध्या चड्डीत.

"हे काय, मामा?"

"बुडी मारायला निघालोय, लग्नाला नाही. एकोणतीस अंश पाणी आहे. त्यात सूट कशाला?"

"अंग सदतीस अंश असतं. पाणी तासभर ऊब ओढत राहतं, आणि आपण दिवसाला तीन बुड्या मारणार. शिवाय जेलीफिश आहेत." तिने त्यांच्या हातात लायक्राचा पातळ अंगरखा दिला, स्वतःसाठी तीन मिलिमीटरचा सूट काढला आणि क्षणभर थांबली. "मामा, नीट आठवून सांगा. त्या जागी पाणी कसं होतं? थंड वाटलं होतं का?"

मामांनी अंगरखा उलटसुलट करून पाहिला. त्या दिवशी ते वर आले, तेव्हा त्यांचे दात वाजत होते. सोबतचे सगळे हसले होते. त्यावर मामांनी ताप आल्याचं सांगितलं, आणि सव्वीस वर्षं तोच ताप इतक्या जणांना सांगितला, की तो खराच आला होता असं आता त्यांनाही वाटायचं. जन्मभर पाण्यात राहिलेल्या माणसाला कोमट समुद्रात थंडी वाजते, हे काय सांगायचं?

"कोमट होतं," मामा म्हणाले. "न्हाणीघरातल्यासारखं."

भाचीने वहीत तसं लिहून घेतलं. दांडीवर पाच मिलिमीटरचे दोन जाड सूट उरले होते. बोटवाल्या बाईंनी ते उचलून बोटीत फेकले. "असू देत. सूट म्हणून नाही, तर गादी म्हणून होतील."

पहिले दोन दिवस त्यांनी बेटाची आतली, शांत बाजू पिंजून काढली. पाणी खरोखरच कोमट होतं. खाली मात्र बघवत नव्हतं. हाडांसारख्या पांढऱ्या फांद्या, त्यांवर शेवाळ, मासे नावाला. एकदा जेलीफिशच्या घोळक्यात मामांच्या हाताच्या पंजांना चटके बसले. लायक्रा होता म्हणून बाकीचं अंग वाचलं, पण ते मान्य करतील तर ते मामा कसले! तिसरा दिवसही कोरडा गेला. क्षितिजावर ढग जमू लागले. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत परत फिरावंच लागेल, असं बाईंनी सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी भाची बोटीच्या टोकाशी एक मेलेली फांदी हातात घेऊन बसली होती.

"परत गेलं की टाक्या रिकाम्या करते," ती म्हणाली. रडत नव्हती, म्हणून मामांना जास्तच लागलं. लहानपणी ढोपर फुटलं, की ही पोर घर डोक्यावर घ्यायची. आज गप्प होती, आणि त्यात आपला हात आहे असं त्यांना आतून टोचू लागलं.

"त्या दिवशी मला थंडी वाजली होती," ते एकदम बोलून गेले.

"कधी?"

"तेव्हा. त्या जागी. दातावर दात आपटत होते. ताप वगैरे काही नव्हता."

भाचीने हळूहळू मान वळवली. "हे तुम्ही आत्ता सांगताय? तीन दिवस मी कोमट पाण्यात शोधतेय, मामा!"

 पण भाचीचा राग पुरता पेटायच्या आत तिचं डोकं चालू लागलं होतं. थंड पाणी म्हणजे खोल समुद्रातून वर चढणारं पाणी. ते आतल्या शांत बाजूला येत नाही. बाहेरच्या उभ्या कड्याला धडकून वर येतं. आणि जिथे दर उन्हाळ्यात गार पाणी मिळतं, तिथलं प्रवाळ कदाचित भाजलंच नसेल!

"बाई, बोट बाहेरच्या बाजूला घ्या."

कड्यापाशी बाईंनी दोरीला तापमापक बांधून खाली सोडला. दहा मीटरवर अठ्ठावीस. अठरा मीटरवर एकवीस! भाचीने पुन्हा एकदा मोजायला लावलं. पुन्हा एकवीसच.

मग ते गादी म्हणून आलेले सूट बाहेर निघाले. एक भाचीला चपखल बसला. मामांच्या वाट्याला आला तो बाईंच्या भावाचा, आणि बाईंचा भाऊ चांगला आडवातिडवा. मामा खूश झाले. "ऐसपैस आहे."

"तेच तर वाईट," भाचीने त्यांच्या पाठीकडून सूट धरला. तिची अख्खी मूठ आत मावत होती. "सूटमधलं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तिथेच थांबतं, म्हणून ऊब राहते. ढगळ सूटात गार पाणी सारखं येत-जात राहणार. आतून माझा हा तीन मिलिमीटरचा घाला."

तो आत घालताना मामांची जी ओढाताण झाली, ती बघून बाई तोंड फिरवून हसल्या. दोन थर झाल्यावर तरंगायला नको म्हणून कमरेला शिसं वाढवलं. तरीही गळ्यापाशी सूट सैलच राहिला. कान झाकणारी टोपी एकच होती. ती भाचीने मामांच्या डोक्यावर ओढली.

"वीस मिनिटं. आणि थंडी वाजली, की खूण करायची. ताप आला असं पाण्यात सांगता येत नाही."

ते उतरले. पाच मीटर. दहा. उजेड निळा होत गेला. पंधरा मीटरवर तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तसं समोरचं पाणी थरथरत होतं. तो थंड आणि कोमट पाण्याचा सांधा होता. मामा त्यातून खाली गेले आणि गार पाण्याने चेहऱ्यावर थप्पड मारली. मग पाणी नितळ झालं, आणि त्यांना दिसलं.

रान होतं! जांभळ्या टोकांच्या, पिवळट, हिरव्या फांद्या कड्यावर थरावर थर चढत गेल्या होत्या आणि त्यांतून माशांचे थवे आत-बाहेर करत होते. भाचीने त्यांचा दंड गच्च धरला. मुखवट्यामागे तिचे डोळे भरून आले होते. मामांना वाटलं, एवढ्यासाठी तरी चौसष्ट वर्षं जगलो ते बरं झालं.

काम सुरू झालं. भाचीने जागा दाखवायची, मामांनी छिन्नीने टोक अलगद तोडायचं, तिने जाळीच्या टोपलीत ठेवायचं. बारा तुकडे हवे होते. एक, दोन, तीन. चौथ्याला गळ्यापाशी सूटात गार धार शिरली आणि कण्यावरून खाली उतरली. पाचव्याला बोटं बधिर. सहाव्याला छिन्नी निसटली; ती त्यांनी मनगटाला बांधलेल्या पट्ट्याने ओढून परत घेतली. श्वास जलद होत होता. हवेचा काटा भराभर उतरत होता. सातवा तुकडा तुटला, पण पकडीत राहीना. भाचीने तो हवेतल्यासारखा झेलला.

अजून पाच. एवढं निभेल, मन म्हणालं. मागेही निभलंच होतं की! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ एकवीस अंशांतही ताठ होता. प्रवाह वाढला. मामांचा खांदा कड्यावर आपटला, दोन फांद्या मोडून खोल अंधारात गेल्या. आपल्या गारठलेल्या हातांनी आपण हेच रान मोडतोय!

मामांनी छिन्नी सोडली. दोन्ही हात छातीवर आडवे घेतले आणि दंड चोळले. थंडी वाजतेय.

भाचीने एक क्षण वाया घालवला नाही. तिने टोपली मिटली, वर जायची खूण म्हणून अंगठा वर केला, त्यांचा खांद्याचा पट्टा पकडला. सगळ्यात सुंदर फांदी मागे राहिली. दोघं वर निघाले. हळू! फार हळू! अंगात मुरलेली हवा हळूहळू सुटावी म्हणून पाच मीटरवर नांगराच्या दोरीला धरून तीन मिनिटं थांबणं भाग होतं. प्रवाह त्यांना निशाणासारखा फडफडवत होता. मामांच्या पाठीवरच्या टाकीत हवा थोडीच उरली होती. भाचीने स्वतःचा श्वास घ्यायचा जादा नळ त्यांच्या तोंडाशी तयार धरला आणि घड्याळाकडे बघत राहिली. एक मिनिट. दोन. तीन!

डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा बाईंचे दोन्ही हात पुढे आलेलेच होते.

बाईंनी बोट बेटाच्या आडोशाला आणून नांगरली. मामांच्या अंगाभोवती दोन ब्लँकेटं होती, पोटात गरम चहा, आणि मांडीवर घट्ट धरलेला टब. टबात समुद्राच्या पाण्यात सात तुकडे उभे होते. सोडायला सांगितलं तरी ते टब सोडत नव्हते. भाची भिंग घेऊन अर्धा तास त्यावर वाकलेली. ज्यांच्यामुळे फांदी जिवंत राहते ते मुंगीएवढे जीव बाहेर येऊन हात पसरतील, तेव्हाच ती तगली म्हणायची.

"येताहेत," ती कुजबुजली. "नाही, परत मिटले. काहीतरी हादरतंय. पाणी स्थिर हवं."

समुद्र शांत होता. बोट हलत नव्हती. टबातलं पाणी मात्र बारीक थरथरत होतं, आणि मामांना कारण कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या मांड्या कापत होत्या.

"बाई, हा टब जरा धरा," मामा मोठ्याने म्हणाले. "मला फार थंडी वाजतेय."

बाईंनी टब सावलीत खाली ठेवला. पाणी स्थिरावलं. थोड्या वेळाने सातही फांद्यांवर इवले इवले हात उघडले, आणि भाची एकदाची घर डोक्यावर घेतल्यासारखी रडली.