सरदार माझ्याकडून शिकला

कळंबहून ढोकीला जाणाऱ्या साडेनऊच्या एसटीत मला खिडकी मिळाली ती गौरीमुळं. अडीच वर्षांचं लेकरू खांद्यावर झोपलेलं असलं की माणसं आपोआप सरकतात. बसल्या बसल्या मी नेहमीची तपासणी उरकली. खिडकीची काच निखळायला आलीय का, गजाला गंज आहे का, मागचे आजोबा खोकतायत ते साधं की छातीतलं. मग गौरीच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावून पाहिली. गार होतं. तेव्हा कुठं मोबाईलवर 'गढी' उघडला.

'गढी' हा डावपेचांचा खेळ. आपली एक मातीची गढी, समोर संगणकाचा सरदार. मेंढरं राखायची, विहिरी खणायच्या, आपलं धान्याचं पेव जपायचं आणि जमलं तर सरदाराचं लुटायचं. पेव गेलं की डाव संपला.

"मागून गेलात? थेट पेवावर? आन् सरदाराला दिसलंच न्हाय?"

आवाज डोक्यावरून आला. वर पाहिलं तर हिरव्या चौकड्यांचा सदरा घातलेला एक जण दांडी धरून उभा. शिंप्याच्या कानामागं पेन्सिल असते तसा याच्या कानामागं छोटा स्क्रू-ड्रायव्हर.

"दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये बघू नये," मी म्हणाले.

"बरोबर हाय. पण गेम दुसऱ्याचा न्हाय ओ... मीच केलाय."

मी हसले. तो हसला नाही. पडद्यावर कोपऱ्यात माझं खेळातलं नाव होतं, 'दैव०७'. ते वाचून त्याचे डोळे मोठे झाले.

"दैव०७ तुम्ही? अवघड पातळीवर एकेचाळीस डाव जिंकलेत! कळंबात कुणीतरी हाय, येवढंच मला दिसायचं. मी म्हणलं, कुणी रिटायर फौजी आसंल."

"मग? निराश झालात?"

"व्हय," तो म्हणाला, "लई." आणि असा काही हसला की मला खिडकीबाहेरच्या तुरीकडं पाहावं लागलं.

त्याचं नाव कुमार. स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि वरच्या खोलीत हा गेम. मी दैवशाला, ढोकीला संगणक शिकवते, असं सांगितलं. नाव ऐकून तो म्हणाला, "हे नाव तर आमच्या आज्जीच्या मैतरणीचं!" वर लगेच, "म्हंजे... चांगली होती ती."

मग त्यानं गौरीकडं पाहिलं. माझ्या गळ्यात काही नव्हतं. त्यानं सभ्यपणे सोपा अर्थ काढला.

"भाची का?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण त्या शब्दामागं शेपूट होतं... नवरा कुठं असतो, का सोडलं, कुणी कुणाला सोडलं. सोडचिठ्ठी होऊन वर्ष झालेलं. ते शेपूट मी कळंबभर ओढून दमले होते.

"व्हय," मी म्हणाले. "भावाची."

गौरीचा श्वास माझ्या मानेला गरम लागत होता. तिचं एक बोट झोपेतही माझ्या कॉलरमध्ये अडकलेलं होतं. आणि माझ्या भावाचं तर अजून लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

*

कुमार गेमची नवी आवृत्ती काढणार होता. जुन्या गेममध्ये चुका फार आणि सरदार बिनडोक. चुका शोधणाऱ्याचं नाव तो दुकानातल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहायचा. महिनाभरात तिथं माझंच नाव जास्त झालं.

मी दुपारच्या सुट्टीत मेसेज टाकायची, "तुमच्या सरदाराची मेंढरं विहिरीवरून चालत जातात."

"पोहायला शिकवलंय त्यांना."

"घोडा भिंतीत अडकलाय. नुसतं शेपूट दिसतंय."

"लाजला असंल. तुम्ही खेळताय म्हणल्यावर..."

मी मोबाईल पालथा ठेवायची आणि मुलांना टंकलेखन शिकवताना उगाच हसायची. संध्याकाळी स्टँडवर उतरलं की दुकानावरून जायचं. तो म्हणायचा, "चहा सांगू?" मी म्हणायची, "घरी वाट बघतायत." आणि चहा यायचाच. कप देताना तो कपाची कड धरायचा, म्हणजे मला कान धरता यावा. एवढीशी गोष्ट. पण समोरच्याचा हात भाजू नये म्हणून स्वतःचा भाजून घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

एक दिवस तो म्हणाला, "नवा सरदार मी तुमच्याकडून शिकवतोय. तुमचे एकेचाळीस डाव त्याला दाखवतोय, तुमची हरकत नसली तर. कसं खेळलात ते मी बघत बसत न्हाय; मशीनच बघतं, शिकतं. तुमच्यासारखं डोकं आलं ना त्याला, तर बघा..."

माझ्या हातातला चहा गार होऊ लागला.

कारण माझ्याकडं डोकं नव्हतंच. माझ्याकडं एक चूक होती. सरदाराला तहाचं पत्र पाठवलं की उत्तर देईपर्यंत तो थिजून उभा राहायचा. उत्तर यायच्या आत दुसरं पत्र पाठवलं की पहिलं विसरायचा. मी पत्रावर पत्रं पाठवायची आणि मागून जाऊन त्याचं पेव लुटायची. गौरी झाल्यावर, एकटी पडल्यावर, मला ही फट सापडली होती. सोळा चुका मी कुमारला सांगितल्या; ही एवढी सांगितली नाही. कुणी मला हुशार म्हटल्याला फार दिवस झाले होते.

"काय झालं? हरकत हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले. "दाखवा की."

*

दिवाळीनंतर कुमार एकदा स्टँडवर छोटीशी घोंगडी घेऊन आला. त्याच्या आईनं, सिताबाईंनी, घरच्या लोकरीची करून घेतलेली. "थंडी पडायली. भाचीला द्या."

गौरी त्या दिवशी बरोबर होती. ती माझी ओढणी धरून म्हणाली, "आई, मला दे."

कुमारनं माझ्याकडं पाहिलं.

"वहिनी कामात असते ना," मी भराभर बोलले, "मग मलाच म्हणते... सवय लागलीय."

"चांगलंच हाय की. जास्तीची आई कुणाला नको आसती?"

तो इतकं साधं बोलला की मला जमिनीत जावंसं वाटलं. आणि तरी घरी जाताना मी काय करावं? गल्लीच्या तोंडाशी गौरीपुढं उकिडवी बसले आणि म्हणाले, "ते काका असले ना, की मला आत्या म्हणायचं हं. गंमत. म्हण... आत्या." ती म्हणाली. मी तिला बिस्कीट दिलं. तिनं पुन्हा म्हटलं. मी पुन्हा बिस्कीट दिलं.

चार दिवसांनी भर दुपारी ती ओट्याच्या पायरीवरून पडली. माझी पाठ होती. मी, जी खिडकीचा गंज तपासते, ती दोरीवरचे कपडे काढत होते. गुडघा फुटला. तोंड उघडून आधी आवाजच फुटेना तिला, आणि मग फुटला तेव्हा ती हात पसरून रडली —

"आत्याऽऽ!"

काका नव्हते. गंमत नव्हती. दुखलं तेव्हा तिनं मला त्या नावानं हाक मारली, कारण त्या नावानं मी लवकर खूश होते.

मी तिचा गुडघा धुतला, हळद लावली. माझी आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि बिस्किटांचा पुडा वरच्या फळीवर ठेवून आली.

*

येळवशीला कुमारनं शेतावर जेवायला बोलावलं. आमच्याकडं येळवस अमावास्येला गाव ओस पडतं आणि रान भरतं. ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी नेतंच. "भाचीला आणा. वहिनींना पण," असा मेसेज होता. मी लिहिलं, "आम्ही दोघी येतो."

ज्वारी कमरेएवढी झाली होती. कडब्याच्या इवल्या झोपडीत, कोपीत, पूजा झालेली, हिरव्या दाण्यांच्या भज्जीचा वास रानभर. कुमारचे वडील धुळाप्पा कोकरांना आवाज देत होते. गौरी ज्वारीच्या पिठाचा उंडा हातात घेऊन त्यांच्यामागं पळाली.

कुमारनं लॅपटॉप बांधावर ठेवला. "नवा सरदार तयार हाय. उद्या सगळ्यांना देणार. पण आधी गुरूनं खेळायचं."

मी खेळायला बसले. पहिल्याच फेरीत सरदारानं पत्र पाठवलं. तह करू या. उत्तर देण्याआधी दुसरं पत्र. मग तिसरं. नवी पत्रं वाचण्यात मी गुंतले आणि मागून त्याची माणसं माझ्या पेवाकडं चालत गेली.

"हा नुसती पत्रंच का पाठवायलाय?" कुमार वाकून बघत होता. "लढतच न्हाय. रात्रंदिवस शिकवला येवढा... हे कुठून शिकला?"

मला पडद्यावर मीच दिसत होते. गोड गोड पत्रं लिहिणारी, मागून चोरणारी.

"माझ्याकडून," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. फट, पत्रं, एकेचाळीसच्या एकेचाळीस डाव.

त्यानं पडद्यावरची पत्रं पुन्हा वरून खाली वाचली. मग ओठ हलले. हसतोय की काय ते कळेना. "म्हंजे दोन महिने मी सरदाराला लबाडी शिकवली?"

"हो."

"चांगला शिकलाय मात्र."

इथं थांबता आलं असतं. तो हसला होता. मला सुटता आलं असतं. पण तेवढ्यात गौरी ज्वारीतून पळत आली. मला पाहिलं, कुमारला पाहिलं, आणि मध्येच थांबली. तोंड अर्धं उघडं. ती माझ्याकडं बघत उभी राहिली... आज काय म्हणायचं?

अडीच वर्षांच्या लेकराच्या डोळ्यांत तो प्रश्न मी घातला होता.

मी गुडघ्यावर बसले. "आई म्हण, बाळा. आईच म्हण."

"आई?" तिनं खात्री करून घेतली. मग मोठ्यानं, "आई! कोकरू!" आणि माझ्या गळ्यात पडली.

"माझी लेक आहे," मी कुमारकडं न बघता म्हणाले. "भावाचं लग्न झालेलं नाही. बसमध्ये खोटं बोलले. आणि तिलाही खोटं शिकवलं... बिस्किटं देऊन."

तो आता हसला नाही. "येवढे महिने, दैवशाला," एवढंच बोलला. आंबिलीचं मडकं उचललं आणि येळवशीच्या रिवाजाप्रमाणं पिकावर शिंपडत पार पल्याडच्या बांधापर्यंत गेला.

सिताबाईंनी माझ्यापुढं पान मांडलं. मी भज्जीत नुसती बोटं फिरवत बसले.

"जेव गं," त्या म्हणाल्या. "म्या तर बघितल्या बघितल्या वळखलं हुतं. सांजच्याला कोकरं सोडली की कोणतं कोणाचं, ते आमाला सांगावं लागत न्हाय. आमच्या ह्या येड्याला मेंढरातलं कळतं, माणसातलं न्हाय."

"मावशी, मला फार लाज वाटते."

"वाटू दे. लेकरापायी वाटलेली लाज वाया जात न्हाय."

कुमारनं आम्हाला दुचाकीवरून कळंबला सोडलं. गौरी आमच्या दोघांच्या मध्ये, घोंगडीत. अख्ख्या रस्त्यात त्यानं आरशात एकदाही आमच्याकडं पाहिलं नाही. पण खड्डा आला की गाडी इतकी हळू घ्यायचा की मागून ट्रॅक्टरवाले शिव्या देत पुढं जायचे.

*

दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. दुकानासमोरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरायची. लोक म्हणतात दिवस गेले की लाज उतरते. माझी रोज घरी येऊन बसायची.

सव्विसाव्या दिवशी, साडेनऊच्याच एसटीत, मोबाईल थरथरला. 'गढी'ची नवी आवृत्ती. खाली दुरुस्त्यांची यादी. मेंढरं आता विहिरीवरून चालत नाहीत. घोडा भिंतीतून सुटला. आणि पुढं —

"तहाचं पत्र आलं की सरदार थिजायचा. दुरुस्त केलं. शोधणारी : दैवशाला."

आणि अगदी शेवटी —

"सरदाराला पहिल्यापासून नव्यानं शिकवलं. आता तो एकामागून एक आलेल्या पत्रांना भुलत नाही. पण पत्र खरं असेल तर उत्तर देतो. उशीर लागतो, त्याबद्दल माफी."

मी ते तीनदा वाचलं. अक्षरं हलायला लागली.

"सरका की जरा," डोक्यावरून आवाज आला. "दोघींनी मिळून सगळी सीट धरलीय."

हिरव्या चौकड्या. कानामागं स्क्रू-ड्रायव्हर. मी सरकले. झोपलेली गौरी त्यानं न विचारता माझ्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतली. तिनं झोपेतच बोट त्याच्या कॉलरमध्ये अडकवलं.

"रागावला होतात ना?"

"हाय अजून. थोडा." त्यानं गौरीच्या डोक्यावर घोंगडीचं टोक ओढलं. "पण सरदार हारला की मी त्याच्यावर रागवत बसतो का? पुन्हा पहिल्या डावापासून खेळतो. फक्त आता पत्रं कमी. जे आसंल ते तोंडावर."

"तोंडावर," मी म्हणाले.

पुढच्या सीटवरची एक म्हातारी मघापासून वळून वळून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "ग्वाड हाय ओ पोरगी. लेक का तुमची?"

कुमारनं माझ्याकडं पाहिलं, येळवशीला गौरीनं पाहिलं होतं तसंच. काय म्हणायचं?

"हिची हाय," तो म्हातारीला म्हणाला. "माझी का, ते... विचारून सांगतो."

"कुणाला इच्यारणार, बाबा?"

माझे कान तापले. सगळी बस ऐकतेय असं वाटलं. याच रस्त्यावर, याच खिडकीशी मी एक शब्द खोटा बोलले होते. तोच शब्द आता जिभेवर आला. मी गौरीच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावली. गार होतं.

"व्हय," मी म्हणाले. "व्हय म्हणून सांगा."