भोंगा कुणाचा?

(पडदा नाही. इस्त्रीची खोली.)

ती शर्टांच्या ढिगापुढे हातवारे करत भाषण ठोकत होती, तेवढ्यात ढिगामागून टाळ्या आल्या. मागे इस्त्रीवाला... वाफेनं लालबुंद, चेहऱ्यावर भलतंच निरागस हसू.

कारखान्यात ती शर्टांची काजं करायची, दिवसभर उभ्यानं. जेवणाच्या सुट्टीत कटिंगमास्तर आवारात नाटक बसवत. यंदा शेवटचं भाषण तिचं होतं — बायकांना बसायला स्टुलं द्या. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडायचं, आणि त्यात हा आगाऊ प्रेक्षक.

नाटकात सुट्टी संपल्याचा भोंगा हवा होता. मी तोंडानं वाजवतो, इस्त्रीवाला म्हणाला. वाजवला. मांजर पळालं. मास्तर खूश.

(प्रयोग पहिला.)

भोंगा हुबेहूब झाला. इतका, की अख्खं आवार उठलं, डबे झाकले आणि तोंडातला घास चावत मशीनपाशी जाऊन उभं राहिलं. सुट्टी अजून बरीच बाकी होती. भाषण ऐकायला उरले मास्तर आणि मांजर.

"चांगला... वाजवला ना मी?"

"फारच," ती म्हणाली, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

(मध्यंतर.)

बोलणं टाकलं म्हणजे काय, तर इस्त्रीच्या खोलीवरून जाताना ती मान मुद्दाम दुसरीकडे वळवायची. दुसरीकडे खिडकीची काच होती. काचेत तो दिसायचा.

खुंटीवरचा तिचा एप्रन कडक इस्त्री होऊन मिळू लागला. दोनदा तिनं तो चुरगाळून घातला. मग तसाच घातला.

(प्रयोग दुसरा. मास्तरांनी भोंगा कापलेला.)

"आम्ही दिवसभर उभ्या—" तिनं सुरुवात केली, आणि भोंगा वाजला. खरा, वेळेआधीच. स्टुलांची कुणकुण साहेबांच्या कानावर गेली होती.

कुणी उठलं नाही. सगळ्या माना इस्त्रीवाल्याकडे वळल्या. पुन्हा नाही फसायचं बाबा, असं म्हणत एका मावशींनी झाकलेला डबा परत उघडला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. घास गिळला. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गाल फुगवून उभा राहिला.

साहेब गॅलरीत येऊन सांगू लागले, अरे, हा खरा आहे. लोकांना वाटलं, साहेबांनीही नाटकात काम घेतलंय. सुरेख वठवलेत म्हणून टाळ्या पडल्या.

तिनं भाषण शेवटपर्यंत केलं. आवार बसून राहिलं.

(इस्त्रीची खोली. पुन्हा.)

स्टुलं अजून यायची आहेत. वेळेआधी भोंगा वाजवल्याचं साहेबांना कबूल करता येईना, म्हणून ताकीद मिळाली इस्त्रीवाल्याला. त्याच्या टेबलाशेजारी मात्र एक खोकं पालथं घातलं होतं, पुसून, वर घडी केलेलं कापड. ती बसली.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "तो भोंगा... माझा नव्हता."

"माहीत आहे. तोंडात घास होता तुमच्या."

त्याचा हात थांबला. "म्हणजे भाषण करताना तुम्ही... माझ्याकडे—"

"इस्त्रीकडे बघा. धूर येतोय."

खरंच येत होता.

(पडदा असता, तर इथे पडला असता.)