खालचा जबडा

आमच्या धंद्यात माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. चेहरा आम्हाला कोणी पाठवतच नाही. दवाखान्यांतून येतात ते प्लास्टरचे जबडे, आणि त्यांवर मापाने कवळ्या नाहीतर दाढेच्या कॅप बनवून आम्ही परत धाडतो. बायको म्हणते, मी उभा जन्म लोकांच्या तोंडात घातला.

पन्नाशी उलटल्यावर गाव सोडलं. तिथली डेंटल लॅब बंद पडली आणि इथल्या मोठ्या लॅबने बोलावलं. बायकोची अट एकच होती. "वर्षभर बघू. नाही जमलं तर आपलं घर आहेच." त्यासाठी तिने जुनं घर भाड्यानेही देऊ दिलं नाही. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. परत जाऊन खाणार काय, हे मी विचारलं नाही. वर्षभराने विचारू म्हटलं.

इथे घराला दोन खोल्या आणि समोरच्या पार्किंगच्या भिंतीकडे तोंड करून एक खिडकी. लिफ्टमध्ये, दुकानात, लॅबमध्ये जो तो विचारतो, "काय, रुळलात का?" मी 'हो' म्हणतो. 'हो' म्हणायला तोंड फारसं उघडावं लागत नाही. झोपेत मात्र दात खायला लागलो. जागेपणी ज्यांच्यावर खावेत इतकी ओळख इथे कोणाशी झालीच नव्हती. खाऊन खाऊन डावीकडची दाढ तडकली. इथले डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. तुम्हाला काय सांगायचं!" ती वाचली असती हे मला दिसत होतं. पण नव्या गावात माणूस पटकन 'बरं' म्हणतो.

त्याच सुमारास बायको फोन ठेवून हसत बाहेर आली.

"वहिनी म्हणतात, काल तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होतात."

"मी? कपडे?"

"तेच म्हटलं मी. म्हटलं, मग दुसराच कोणीतरी असणार."

दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी कुलूप काढून पाहिलं. आत कोणी नव्हतं. फरशी पुसलेली होती. चहाचं भांडं ओट्यावर उपडं घातलेलं होतं, आणि ओलं होतं.

"पोलिसांत कळवायला सांग त्यांना," मी म्हणालो.

"काय कळवायचं? तुम्ही स्वतःच्या घरात आहात म्हणून?"

त्यानंतर ती मला सांगेनाशी झाली. फोन आला की खिडकीशी जायची. मी पेपर धरून बसायचो. "शर्ट कुठला होता?" ती हळूच विचारायची. "निळा? अगंबाई, तो तर इथे आणलाच नाही." असा आवाज तिने या घरात काढलेला मी ऐकला नव्हता.

आमच्या लॅबकडे गावोगावची कामं येतात. एकदा जुन्या गावातल्या एका दवाखान्याचं खोकं आलं. आत खालचा जबडा होता, डाव्या दाढेला कॅप हवी होती. मी तो उजेडात धरला आणि खुर्चीत बसलो.

पुढचे दोन दात एकमेकांवर पाय टाकून झोपल्यासारखे. शेजारच्याचा टवका उडालेला. दाताने तार तोडायची नसते हे मी प्रत्येक शिकाऊला सांगतो आणि स्वतः तोडतो, तो टवका. मेणाची पट्टी मऊ केली, मी चावली, आणि त्या खुणांवर प्लास्टर टेकवलं. दातावर दात बसला. फक्त त्याचे दात झिजले नव्हते. हा माणूस शांत झोपत होता. आणि माझ्या खुणांत जिथे खिंडार होतं, तिथे त्याची दाढ होती. कॅपसाठी नीट कोरलेली.

दवाखान्यात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "पेशंट ना? छान गप्पिष्ट आहेत. यातलं बरंच कळतं त्यांना."

जबडा घरी नेला. बायकोने कडेवरून बोट फिरवलं.

"हे तर तुम्हीच."

"मी इथे बसलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जबड्याकडे. जबड्याकडे जरा जास्त वेळ.

"दाढ काढली नाही त्यांनी."

"नाही."

"वाचली असती, म्हणाला होतात."

"वाचली आहे."

कॅप मीच केली. इतकी सुबक कॅप माझ्या हातून आजवर झाली नव्हती. शेवटी ती केसभर उंच ठेवली. केसभर पुरतं. प्रत्येक घासाला आधी तीच टेकते आणि कळ थेट कानात जाते. हे कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

वर्ष भरलं, तशी ती म्हणाली, "घर एकदा डोळ्यांखालून घालून येते."

"मीही येतो."

"तुम्ही कशाला? रजा कुठेय तुम्हाला?"

पिशवी अगदी लहान होती. स्टँडवर तिने माझी कॉलर सारखी केली, आणि केल्यावर हात लगेच मागे घेतला. परक्याच्या अंगावरचा धागा काढल्यासारखा.

पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, येते. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, बघू. मग फोन वाजत राहायचा.

काल उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता. कोणीतरी शीळ घालत होतं. काम मनासारखं जमलं की मी पूर्वी घालायचो, ती.

"कधी येतेस?" मी विचारलं.

शीळ थांबली.

"कॅप जरा उंच बसली होती," ती म्हणाली. "ह्यांना घास चावता येईना. मग डॉक्टरांनी घासून दिली. आता नीट जेवतात."

माझी जीभ दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसली. बोलायला ती मोकळी नव्हती.

मग तिने लिफ्टमधल्या माणसांसारखं, अगदी आपुलकीने विचारलं, "आणि तुम्ही? रुळलात का तिकडे?"